दुरुस्त केलेला पैलवान

भाईंदरजवळच्या बेव्हर्ली पार्क वस्तीत नवी जिम निघालीय. परवा तिथून जाताना ऑइलपेंटचा ताजा वास आला म्हणून मान वर केली, तर अख्ख्या भिंतीवर दोन पैलवान! पैलवान कसले, पोटावर पावाच्या लाद्या चिकटवलेले पुतळेच. परदेशी नाकं, गुळगुळीत अंग, झोंबी चाललीय आणि केसाची बट हललेली नाही. "अंकल, ग्रीक स्टाईल है," रंगारी कौतुकाने म्हणाला. असेल बाबा. मला मात्र माझे मामा आठवले आणि डोकंच फिरलं.

मामा भाईंदरच्या जुन्या गावातले, मिठागरवाल्या घरातले, तालमीच्या लाल मातीत लोळून मोठे झालेले. पोट सुटलेलं, मान जवळजवळ नाहीच, दोन्ही कान मोडून भज्यांसारखे झालेले. बायकांनी तालमीत पाऊल टाकायचं नाही, हा तिथला दंडक. त्यामुळे ज्याची कुस्ती गावभर गाजली, त्याच्या बायकोने ती कधी पाहिलीच नाही. गुडघा जायबंदी होऊन कुस्ती सुटली, तेव्हा मामांनी ठरवलं, निदान चित्रात तरी हिला दाखवायची.

शहरातून चित्रकार आला. काय तो थाट! 'अभिजात देह', 'प्रमाणबद्धता' असले शब्द सुपारीसारखे तोंडात घोळवत होता. मामा लंगोट लावून, अंगाला माती फासून, दुखऱ्या गुडघ्यावर सकाळभर पवित्र्यात उभे. आणि हा शहाणा त्यांच्याकडे बघतोय कुठे? कॉलेजात घोटलेला प्लास्टरचा पुतळाच गिरवत बसला. पोट खोडलं, मान ताणली, कान सरळ केले. वर म्हणतो, "दोष काढून टाकले." दोष? अरे, त्याच पोटाच्या जोरावर मामा समोरच्याला उचलत, आणि ते कान उभी हयात मातीत घासून मोडलेले! माणसाचं आयुष्य रबराने पुसलं आणि खाली झोकात सही ठोकली मेल्याने.

मामीने ओले हात पुसले, पदर सावरला, चित्र उजेडाकडे धरून बराच वेळ पाहिलं. "यो कोन?" तिने विचारलं. मामा हसले. ते हसणं आठवलं की मला अजून त्या चित्रकाराचा संताप येतो.

गेल्या वर्षी मामा गेले. पोरांनी हार घालायला तेच चित्र बाहेर काढलं, तशी मामी कडाडली, "परक्या बाप्याला हार घालू काय?" चित्र माळ्यावर गेलं. तालमीचा तो दंडक आता कोणी पाळत नाही, मुलीसुद्धा तिथे कुस्ती शिकतात. मामीला आज दारात कोणी अडवणार नाही. पण आत तिचा माणूस उरला नाही, आणि त्या दीडशहाण्याने तो कागदावरही उरू दिला नाही.