यंत्राला लावलेले खोबरेल

मंगळवारी मुंबईहून तंत्रज्ञ आला. त्याने यंत्राचा खांब उघडला, आत बोट फिरवले आणि बोटाचा वास घेतला.

“तेल कुणी लावलं?” त्याने विचारले.

मी सरांच्या मागे उभा होतो.

ते यंत्र म्हणजे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक. गोष्ट साठच्या दशकातली. आमचे कॉलेज नवे होते आणि मी तिथे प्रयोगशाळेत डेमॉन्स्ट्रेटर होतो. सर घाटावरचे. वनस्पतिशास्त्र शिकवीत. ओहोटीच्या वेळा पाहून बी.एस्सी.च्या मुलांना खाडीवर नेत आणि बाटल्यांत पाणी भरून आणीत. त्या पाण्यात डायाटम असतात, काचेसारख्या कवचाचे जीव. आमच्या साध्या सूक्ष्मदर्शकातून त्या कवचाची कड तेवढी दिसे. कवचावरची बारीक नक्षी पाहायची तर हेच यंत्र हवे. सरांचे म्हणणे एवढेच होते की इथल्या मुलाने इथल्या खाडीतले काहीतरी सगळ्यांच्या आधी पाहावे.

त्यासाठी ते कित्येक वर्षे पत्रे लिहीत होते. अखेर मुंबईच्या एका संस्थेने नवे यंत्र घेतले आणि जुने आम्हाला देऊ केले. ट्रक वाटेत तळेऱ्याला बिघडला, तर सर एसटीने तिथवर गेले आणि पेट्यांजवळ बसून राहिले. पेट्या कॉलेजात आल्या तेव्हा आमच्या म्हाताऱ्या शिपायाने सरांना विचारले, “ह्येच्यात देव दिसतलो काय, सर?”

“दिसला तर आधी तुम्हालाच बोलावीन,” सर म्हणाले.

पेट्या उतरवण्याआधी शिपायाने नारळ ठेवून गाऱ्हाणे घातले. “बा देवा म्हाराजा, ह्या यंत्र लांबसून इलासा. आमच्या पोरांका ह्येच्यात दिसांदे, त्येंका यश दी रे म्हाराजा.”

“होय म्हाराजा,” आम्ही सगळे म्हणालो. सरही म्हणाले.

यंत्राला हादरा बसू नये म्हणून तळमजल्याच्या खोलीत सिमेंटचा चौथरा बांधला होता. पण जोडणी करणारा माणूस दिवाळीनंतर येणार होता. मे महिन्यात सरांचे वडील आजारी पडले आणि सर रजा काढून गावी गेले. जाताना त्यांनी खोलीची किल्ली माझ्या हातात दिली. “पावसाळ्यात तेवढं जपा,” म्हणाले.

आमच्याकडे मिरगाच्या आधी घरातले सगळे लोखंड काढून पुसतात आणि खोबरेल लावून ठेवतात. कोयते, विळी, कड्या, शिलाईचे मशीन. खाऱ्या हवेत नाहीतर काही टिकत नाही. मी लहानपणापासून हे काम करत आलो होतो. एका पेटीची फळी सैल झाली होती. आत पाहिले तर एका भागावर तांबूस ठिपका दिसला. मग मी सगळ्याच पेट्या उघडल्या. भाग एकेक करून पुसले, तेल लावले. नळ्यांच्या आतून हात जाईना, तर बांबूच्या कामटीला फडके गुंडाळले. रबराच्या कड्यांनाही तेल लावले, तडकू नयेत म्हणून. दोन दिवस गेले. मग सरांना कार्ड टाकले की यंत्र सुरक्षित आहे, काळजी नसावी. त्यांचे उत्तर आले, ‘तुमच्यामुळे निर्धास्त आहे.’

त्या यंत्राच्या आत हवासुद्धा चालत नाही, हे मी पुस्तकात वाचलेले होते. वाचलेले हातापर्यंत आले नाही.

दिवाळीनंतर तंत्रज्ञ जोडणीला आला तोवर तेल चिकट झाले होते. रबर फुगले होते. तंत्रज्ञ म्हणाला की हे इथे साफ होणार नाही, आणि संस्थेत नेले तरी जुन्या यंत्रावर आता कोणी हात घालणार नाही. मग त्याने पुन्हा विचारले, तेल कुणी लावलं.

“मी सांगितलं होतं लावायला,” सर म्हणाले.

मी पेटीची फळी पुन्हा लावू लागलो.

पेट्या परत गेल्या. कॉलेजच्या चालकांच्या बैठकीत सरांना बोलावले होते. आत काय झाले ते शिपायाकडून कळले. असले सोस यापुढे नकोत, असे त्यांना सांगण्यात आले. सर खाली मान घालून ऐकत होते, म्हणे. त्या वर्षीच्या मुलांना त्यांनी डायाटमची नक्षी फळ्यावर खडूने काढून दाखवली. खाडीवर नेणे बंद झाले.

मी दोनदा त्यांच्या घरी गेलो, सांगून टाकायचे ठरवून. दोन्ही वेळा त्यांनी चहा केला आणि माझ्या आईची चौकशी केली. त्या मंगळवारचा विषय त्यांनी काढला नाही. मी काढू शकलो नाही. पुढच्या ज्येष्ठात ते तापाने गेले. त्यांना खांदा देणाऱ्यांत मी होतो. तिथेही लोक म्हणत होते, माणूस हुशार, पण तेलाचं साधं कळलं नाही. मी ते ऐकले आणि चालत राहिलो.

चौथरा त्या खोलीत अजून आहे. त्यांनी भरून ठेवलेली खाडीच्या पाण्याची एक बाटली माझ्या कपाटात आहे. तळाशी करडा गाळ आहे. तो कोणी पाहिलेला नाही.