गीताताईंची पिवळी बटणं

राजापेठेतल्या गीतांजली ढोले लग्नातला मोठा पडदा चालवतात. आमच्याकडे पाहुण्याचं स्वागत नावानिशी व्हावं लागतं, नाहीतर तो जेवणावरच रुसतो. म्हणून पाहुणा दारात आला की गीताताई त्याचं नाव टाइप करतात आणि ते पडद्यावर झळकतं. पंचेचाळिशी उलटली तशी अंधुक उजेडात बटणं दिसेनाशी झाली, पण चष्म्याचं नाव काढलं की बाई भडकायच्या.

नेमके नवरी येताना मांडवातले दिवे मालवतात. एका लग्नात त्या अंधारात बोट भलत्याच बटणावर पडलं. तोच लॅपटॉप तेरवीलाही जातो. नवरीचे काका वामनराव आत शिरले आणि पडद्यावर फुलांच्या हारात त्यांचं नाव, वर 'भावपूर्ण श्रद्धांजली'!

"अरे, आधी मले जेवू तं द्या!" वामनराव ओरडले. सारा मांडव हसला, पडदा-लॅपटॉप भाड्यानं देणाऱ्या दुकानाचा मालक मनोज तेवढा हसला नाही.

"ताई, पुन्हा असं झालं तं तुमी दुकानातच बिलं टाइप करा."

आपलं नाव पाहून फुलणारे चेहरे, हेच तर गीताताईंचं सुख होतं.

आधी त्यांनी बटणांवर टिकल्या लावून पाहिल्या. घामानं त्या बोटांनाच चिकटल्या, एक तर घरी जाईपर्यंत गालावर मिरवत होती. मग त्या गाड्यांना रेडियम लावणाऱ्या गजेंद्रकडे गेल्या. त्यानं पिवळी ठसठशीत अक्षरं कापून दिली. घातकी बटणाला लाल. लॅपटॉपचा उजेड पडला की ती चमकायची.

पुढचं लग्न अकोल्यात, जठारपेठेत. दिवे मालवले, नवरी निघाली, आणि तेवढ्यात दारात भाजीपाला पिकवणारे पुंजाराममामा. पाहुण्यांच्या यादीत नाव नव्हतं, कोणीतरी ते ओरडून सांगितलं. गीताताईंची बोटं धावली. पडद्यावर झळकलं: 'पुंजाराममामांचं मनःपूर्वक स्वागत'.

मामा थबकले. मग गर्दीतून थेट गीताताईंजवळ आले. "बाई, मिटवू नका. आमची घरवाली पार्बताबाई मांगून येऊन राहिली, तिले दाखवाचं हाय."

गीताताईंनी लगेच शेजारी पार्बताबाईंचंही नाव टाकलं. पार्बताबाईंना वाचता येत नव्हतं. मामा एकेका नावाकडे बोट करून सांगत होते, "हे माह्यं, अन् हे तुह्यं." नवरी अर्ध्या वाटेत थांबून टाळ्या वाजवू लागली. गीताताईंना तर हसू आणि रडू एकदमच आलं.

मनोज जवळ येऊन उभा राहिला. "ताई, रविवारी परतवाड्याचं लग्न हाय. तुमीच या."