चार नंबरचं दार आणि त्याच्या अकरा नोंदी

नोंदकाकांनी जन्मात कुणाचं वाईट केलं नव्हतं. चांगलंही केल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं. त्या शीतगृहाच्या कंपनीत ते बावीस वर्षं नोंदी उतरवत होते. त्यांच्या टेबलावर दुरुस्ती खात्याची निळी वही, सुरक्षा खात्याची लाल, विमा खात्याची पिवळी. तिन्ही खात्यांचं एकमेकांशी बोलणं नव्हतं, त्यामुळे वह्यांचंही नव्हतं.

नियम मात्र सोन्यासारखा होता. एकाच नावाची तिसरी नोंद पडली, की दुसऱ्या दिवशी काम झालंच पाहिजे. नियम इतका चांगला, की त्यातून वाट काढायला खात्यांना डोकं चालवावं लागे. चार नंबरच्या खोलीच्या दाराची आतली कडी अडायची. दुरुस्तीवाल्यांनी दोनदा ‘कडी जड’ लिहिलं. तिसरी वेळ आली तशी ‘कडी मंद’ झाली. सुरक्षावाल्यांची ‘अडकण्याची शक्यता’ तिसऱ्या खेपेला ‘बाहेर येण्यास विलंब’ झाली. विमावाल्यांना तर दारासंबंधी फक्त ‘निरीक्षणं’ होत, तीही दर वेळी निराळी. काका सगळं सुवाच्य अक्षरात उतरवून घेत.

त्याच खोलीत त्यांची धाकटी बहीण पेट्या मोजायला होती. एका दुपारी ती वीस मिनिटं आत अडकली. तिने पेटी आपटून दार बडवलं तेव्हा कुठे माल उचलणाऱ्या गाडीच्या चालकाला ऐकू गेलं. संध्याकाळी ती भावाच्या टेबलापाशी आली. बोटं अजून निळसरच होती.

“दादा, तुझ्या वहीत मी कुठल्या नावाने मरणार आहे, तेवढं सांगून ठेव.”

काकांना रात्रभर झोप लागली नाही. सकाळी त्यांनी आयुष्यातला पहिला अर्ज केला: एका गोष्टीला तिन्ही खात्यांत एकच नाव असावं. साहेबांना कल्पना इतकी आवडली, की त्यांनी समिती नेमली. तिथेच अर्जाचं नशीब फुटलं.

समिती आठ महिने बसली. कडी ही दाराचा भाग, दार हे खोलीचा भाग, मग धोका नक्की कुणाचा भाग, यावर पाच बैठका झाल्या. बाहेरून आलेल्या सल्लागाराने भिंतभर तक्ता काढला. त्यात चौकोन होते, बाण होते, बाणांना उपबाण होते. माणूस मात्र कुठल्याच चौकोनात मावला नाही. माणूस आत शिरण्याआधी धोका अस्तित्वात असतो का, असं एका सभासदाने विचारलं, तेव्हा सगळे गंभीर झाले आणि चहा मागवण्यात आला. त्या मुदतीत बहीण आणखी दोनदा अडकली. त्याही नोंदी झाल्या, अर्थात नव्या नावांनी.

शेवटी शब्द ठरला: ‘निर्गमन-अवरोध’. टाळ्या झाल्या. काकांनी जुन्या वह्या चाळून त्याखाली चार नंबरच्या सगळ्या नोंदी जमवल्या. अकरा भरल्या. तिनाच्या जागी अकरा! तो कागद घेऊन ते समितीपुढे गेले, तर अध्यक्षांनी समजूत घातली, की जुने शब्द रद्द म्हणजे त्यांखालच्या नोंदीही रद्द. मोजणी शून्यापासून.

“साहेब, शब्द रद्द झाले. दार तेच आहे,” काका म्हणाले.

“दाराचं बघू हो. आधी नवा शब्दकोश स्थिरावू दे.”

त्या दुपारी काकांनी गळ्याभोवती मफलर गुंडाळला, बहिणीला खोलीबाहेर काढलं आणि आत जाऊन दार ओढून घेतलं. कडी इमानदारीने अडली. त्यांनी पेटीने दार बडवलं, चालकाने बाहेर काढलं. टेबलाशी येऊन लिहिलं: निर्गमन-अवरोध. मग परत गेले. मग आणखी एकदा. तिसऱ्या वेळी चालक म्हणाला, काका, घरी काही कटकट आहे का?

दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्री आला. दोन स्क्रू, थोडं तेल, बारा मिनिटं. दुपारी काकांना ताकीदपत्र आलं, कामाच्या वेळात विनाकारण शीतगृहात वावरल्याबद्दल. समितीच्या अहवालात हेच दार ‘सामायिक शब्दकोशाचं पहिलं यश’ म्हणून छापलं गेलं.

बहिणीने आभार वगैरे मानले नाहीत. तिने कडी दोनदा लावून, उघडून पाहिली.

“बावीस वर्षांत ही खोली पहिल्यांदा पाहिलीस ना, दादा?” ती म्हणाली, आणि पेट्या मोजायला आत गेली.