न दाबलेला ब्रेक

कवळीवाली हे काही तिचं नाव नव्हे. पण बावीस वर्षं ती त्याच नावाला ओ देत आली होती, आणि आता तर खऱ्या नावाने कोणी हाक मारली तर ती आधी मागे वळून बघायची, दुसरं कोणी आहे का म्हणून. काम साधं. दात बनवणाऱ्या कारागिराच्या वर्कशॉपमधून कवळ्या घ्यायच्या, सायकलच्या कॅरिअरवरच्या डब्यात ठेवायच्या आणि शहरभरच्या दातांच्या डॉक्टरांकडे पोचवायच्या.

आता तयार कवळीचं काही नाही हो. ती एकदा आपटली तरी हसतच असते. खरी भानगड कच्च्या कवळीची. पक्की करण्याआधी दात नुसते मेणात बसवून डॉक्टरकडे पाठवतात, पेशंटच्या तोंडात नीट बसतात का ते बघायला. वाटेत एक दणका बसला, एखादा दात केसभर सरकला, की सगळं मुसळ केरात. म्हणून पहिल्याच दिवशी कारागिराने तिला बजावलं होतं, "बाई, ब्रेक विसरा. पाय थांबवा, सायकल आपोआप हळू होईल. मध्ये कोणी आलंच तर बाजूने वळसा घाला. पण कचकन ब्रेक मारलात तर माझी दोन दिवसांची मेहनत पाण्यात."

ती विसरली. इतकी छान विसरली, की तिच्या ब्रेकचे रबर सात-सात वर्षं झिजायचे नाहीत. सायकल दुरुस्त करणारा म्हणायचा, "कवळीवाली, तुमच्यासारखी गिऱ्हाइकं भेटली तर मी उपाशी मरेन." यावर ती खुशीत हसायची. कोणाला कशाचा अभिमान वाटेल, सांगता येतं का?

त्या मंगळवारी सकाळी अकराच्या सुमाराला ती शेवटची कवळी पोचवून वर्कशॉपकडे परत निघाली होती. डबा रिकामा. रस्ता सरळ. पुढे डाव्या हाताला दोन गाड्या उभ्या होत्या, आणि त्यांच्यामधून एक आजोबा फुटपाथवरून खाली उतरले. उतरले, थांबले, उजवीकडे बघितलं, डावीकडे बघितलं, परत उजवीकडे बघितलं. तेव्हा त्यांची आणि तिची नजरानजर झाली. चांगलं पंधरा-वीस पावलांचं अंतर होतं. एवढ्या अंतरात कोणीही थांबेल, असा कोणत्याही शहाण्या माणसाने हिशेब केला असता. तोच आजोबांनी केला आणि ते चालू लागले.

कवळीवालीने पाय थांबवले. हँडल उजवीकडे वळवलं. आजोबाही त्याच बाजूला चालत होते. आणि तिची बोटं? ब्रेकवर होती हो, ब्रेकवरच होती! पण दाबली गेली नाहीत. रिकाम्या डब्यातल्या नसलेल्या मेणाची काळजी घेत राहिली ती बोटं. हँडल आजोबांच्या खांद्यात घुसलं, ते हातावर पडले, आणि मनगटाचा आवाज तिला सायकलवरून ऐकू आला.

मग गर्दी, पाणी, रिक्षा, दवाखाना. समोरच्या चाव्या बनवणाऱ्याने हवालदाराला छातीठोक सांगितलं, "म्हातारबा एकदम गाड्यांच्या मधून आले साहेब. बाईची काय चूक? मी तर रोज बघतो हिला, मुंगीसुद्धा मारायची नाही." खरं तर तो तेव्हा मान खाली घालून चावी घासत होता. आवाज झाल्यावर त्याने वर बघितलं. पण हवालदाराने लिहिलं, 'पादचारी अचानक रस्त्यात आले', आणि कागद तिच्यापुढे सरकवला. तिने सही केली.

त्या सहीपासून तिच्या अंगात जे काही शिरलं ते बाहेर पडेना. बसलं की उठावंसं वाटे, उठलं की कुठे जावं ते कळेना. पुसलेला ओटा ती पुन्हा पुसायची. डब्याचं झाकण उघडून आत बघायची आणि लावायची. कारागिराला सांगायला गेली तर त्याने आधी विचारलं, "डबा रिकामा होता ना?"

"हो."

"मग तुम्ही कामावर नव्हतात."

"परत इकडेच येत होते की हो! काम नाही तर काय हवा खायला गेले होते?"

"तसं नव्हे बाई," कारागीर डोळ्यावरचं भिंग वर करत म्हणाला, "उद्या कोणी भरपाई मागितली तर ती तुमच्यावर येणार की माझ्यावर, हे आत्ताच ठरलेलं बरं. माल असता तर गोष्ट वेगळी."

बावीस वर्षं माल आणि ती एकच होते. आता रिकामी झाली तर ती कोणाचीच नव्हती. तिला इतका राग आला, की तिने दुपारच्या कवळ्या नेताना मुद्दाम खड्ड्यातून सायकल घालायचं ठरवलं. खड्डा आला तेव्हा हात आपोआप वळला.

शुक्रवारी ती फळं घेऊन आजोबांना बघायला गेली. रस्त्याला लागूनच त्यांचं दोन खोल्यांचं घर. आजोबा खिडकीशी खुर्चीत बसले होते, हात गळ्यात अडकवलेला. लेक कपाट रिकामं करत होती. खोलीत तीन खोकी भरून ठेवलेली.

कवळीवालीने तोंड उघडायच्या आत आजोबाच म्हणाले, "पोरी, तुला लागलं नाही ना कुठे? माफ कर मला."

"अहो आजोबा, माफी कसली मागता!"

"मागायलाच हवी. रेल्वेच्या फाटकावर चौतीस वर्षं काढली मी. गाडी आली की फाटक पाडायचं, गेली की उघडायचं. चौतीस वर्षांत माझ्या फाटकात कोंबडीसुद्धा मेली नाही. उजवीकडे, डावीकडे, परत उजवीकडे. झोपेतही मान वळायची, म्हातारी हसायची मला. आणि परवा रस्त्यात न बघता पाय टाकला! मला तर वाटत होतं बघितलं म्हणून. अगदी तू दिसल्यासारखीही वाटतेस. पण कागदावर लिहिलंय ना, अचानक आले. सगळेच तसं म्हणतात." त्यांनी गळ्यातला हात सावरला. "डॉक्टर म्हणतो डोळे ठणठणीत आहेत. म्हणजे डोकंच गेलं."

"तसं काही नाही बाबा," लेक कपाटातूनच म्हणाली. मग कवळीवालीला दारापर्यंत सोडायला आली आणि हळू आवाजात बोलली, "सोमवारी नेतेय त्यांना माझ्याकडे. चौथा मजला आहे, खाली उतरायचा प्रश्नच येणार नाही. हे घर सोडतोय. तेही आता काही म्हणत नाहीत, हो. आधी नुसतं नाव काढलं तरी भांडायचे. तुम्ही मनाला लावून घेऊ नका, तुमची काही चूक नाही."

कवळीवाली रस्त्यावर आली आणि सायकलवर बसलीच नाही. घरापर्यंत हातात धरून चालत गेली.

रविवारी थोरल्या बहिणीचा नवरा आला. भावोजींचा धंदा विम्याचा, आणि कोणाच्या घरी अपघात झाला की भावोजींना चेव चढायचा. चहा पुढे यायच्या आत त्यांनी छापील फॉर्म टेबलावर ठेवला.

"किती वर्षं सांगतोय मी! सायकलवाल्याने विमा काढायलाच हवा. मोटारीला आहे, स्कूटरला आहे, मग सायकल काय हवेतून चालते? धडक दिली की हाड मोडतंच ना?"

"उद्या चपलेचा विमा काढायला सांगाल साडूबुवा," नवरा पेपरातून डोकं न काढता म्हणाला. तो छापखान्यात बायंडिंग करायचा आणि साडूवर त्याचा भारी दात होता. "माणूस चालता चालता माणसावर आदळतो, त्याचं काय? गरीब माणूस सायकल घेतो तीच मुळी कटकट नको म्हणून."

"आणि समोरचा? हात मोडला त्याचा. त्याने कोणाकडे बघायचं? हिच्याकडे काय आहे द्यायला?"

यावर नवऱ्याने पेपर खाली ठेवला. तिला वाटलं, बोलले पहिल्यांदाच भावोजी काहीतरी धड.

"विमा असता तर," तिने विचारलं, "काय झालं असतं?"

"काही नाही. तू गप्प बसायचंस, बोलायचं आम्ही. पहिली अट तीच असते. चूक माझी, हे शब्द तोंडातून काढायचे नाहीत. काढलेस तर कंपनी हात वर करते."

"बघ!" नवरा म्हणाला. "एवढा सल्ला तर फुकट मिळाला. तोच पाळ. कागदावर सही झालीये, म्हातारा स्वतः म्हणतोय माझं चुकलं. तू कशाला आपल्या हाताने आपल्या पायावर धोंडा पाडून घेतेस?" मग आवाज उतरवून म्हणाला, "अगं, मला काय तुझं तोंड दिसत नाही का? पण झालं ते झालं."

म्हणजे त्याला कळलं होतं. तिने त्याला सांगितलं नव्हतं, तरी कळलं होतं. ती पेन घेऊन फॉर्म भरायला बसली. नाव, वय, पत्ता, सायकल किती जुनी. चौथ्या ओळीत दोन चौकोन होते. 'आपल्या चुकीमुळे याआधी कोणाला इजा झाली आहे का? हो. नाही.'

पेन 'नाही'वर गेलं आणि तिथेच थांबलं.

"नाही लिही," भावोजी म्हणाले. "कागदावर तुझी चूक नाहीच."

तिने पेन उचललं, परत टेकवलं. मंगळवारी हाताने ब्रेक दाबला नाही, आज लिहवेना. ती उठली. खिडकी उघडली, बंद केली, परत उघडली.

"बस गं एका जागी," भावोजी म्हणाले, "मला गरगरायला लागलं."

सोमवारी सकाळी नऊ वाजता आजोबांच्या दारात टेंपो उभा होता. खोकी चढली होती, गादी गुंडाळून झाली होती. आजोबा रिकाम्या खोलीत त्याच खुर्चीवर बसले होते, कारण खुर्ची सगळ्यात शेवटी न्यायची ठरली होती. कवळीवाली धापा टाकत आत शिरली. तिने रस्ताभर मनाशी वाक्यं जुळवली होती. त्यातलं एकही आठवलं नाही.

"आजोबा, तुम्ही बघितलं होतं."

लेक दोरी बांधता बांधता थांबली.

"बघितलं होतं तुम्ही! उतरलात, थांबलात. उजवीकडे बघितलंत, डावीकडे बघितलंत, परत उजवीकडे. माझ्याकडे बघितलंत. मी लांब होते. थांबायला वेळ होता मला, भरपूर होता. मी ब्रेक दाबला नाही. आम्ही दाबत नाही हो. मेणातले दात सरकतात म्हणून. सवय आहे हाताची. पण डबा रिकामा होता. काहीसुद्धा नव्हतं त्यात."

बाहेर टेंपोवाल्याने हॉर्न वाजवला.

"आणि सहा दिवस गप्प बसलात तुम्ही?" लेकीचा चेहरा लाल झाला होता. "रोज स्वतःला दोष देत बसलाय हा माणूस, जेवत नाहीये नीट, आणि तुम्ही फळं घेऊन येता? मी भरपाई मागणार आहे. दवाखान्याची, सगळ्याची. विमा तरी आहे का तुमचा?"

"नाही."

"मग देणार कुठून?"

"माहीत नाही ताई. हप्त्याहप्त्याने देईन. पोलिसांकडे जाऊन जबाब बदलते. आत्ता इथे लिहून देते हवं तर."

"द्याच लिहून," लेक म्हणाली आणि खोक्यात कागद शोधू लागली.

"थांब गं," आजोबा म्हणाले. ते खुर्चीतून पुढे झुकले होते. "पोरी, मला परत सांग. उजवीकडे, डावीकडे, आणि?"

"परत उजवीकडे."

"माझ्या डोळ्यात बघितलंस तू?"

"बघितलं."

आजोबांनी एकदा मान हलवली. मग म्हणाले, "माझे बूट कुठे भरलेत?"

"बाबा, आता कशाला?"

"काढ बाहेर."

बूट दुसऱ्या खोक्यात तळाशी होते. लेकीने चरफडत काढले. आजोबांचा एकच हात चालत होता, म्हणून नाड्या कवळीवालीने बांधल्या. जमिनीवर बसून तिने गाठ पक्की आवळली. आजोबा उठले, दोघींना ओलांडून दाराबाहेर पडले, टेंपोच्या पुढून फुटपाथच्या कडेला गेले. लेक मागे धावली.

"बाबा!"

त्यांनी धड हात मागे करून तिला थांबवलं. फाटकाशी माणसं थांबवावीत तसं. उजवीकडे बघितलं. डावीकडे बघितलं. परत उजवीकडे बघितलं. एक सायकलवाला येत होता, तो जाईपर्यंत थांबले. मग रस्ता ओलांडून पलीकडे गेले, तिथे क्षणभर उभे राहिले, आणि तितक्याच सावकाश परत आले. टेंपोवाल्याला म्हणाले, "खोकी उतरव." लेक काहीतरी बोलायला गेली. मग तिने तोंडावर हात धरला आणि तिथेच पायरीवर बसली.

कवळीवालीने पिशवीतून कालचा विम्याचा फॉर्म काढला. चौथ्या ओळीतल्या 'हो'वर खूण केली आणि कागद उलटा केला. मागची बाजू कोरी होती. तिथे तिने पहिलं वाक्य लिहिलं, 'आजोबांनी बघितलं होतं.'