शेळीचा कान आणि अण्णांचं नख

आमच्या अण्णांना, म्हणजे माझ्या वडलांना, माल कळतो. ढोकीत किराणा दुकान. आलेली वस्तू आधी अंगठ्याच्या नखानं दाबायची, मग हुंगायची, मग कणभर जिभेवर ठेवायची. गूळ असो, चिंच असो, खोबरं असो. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढं माझा जीव ह्याच परीक्षेपायी जायचा होता.

कुत्र्याचं पिल्लू आलं ते सोनारीहून. काळभैरवाचं दर्शन घेऊन निघालो तर हे बेणं आमच्या जीपमध्ये येऊन झोपलेलं. अण्णा म्हणाले, "देवाचं वाहन हाय, उतरवायचं कसं?" झालं! दोन महिन्यांत त्याचे दात पडून नवे यायला लागले आणि देवाच्या वाहनानं अण्णांच्या चपला खाल्ल्या. दर वेळी डावीच. तिसऱ्या वेळी अण्णांनी उरलेली उजवी हातात धरून सांगितलं, "अजून एक गेली की ह्याला सोनारीला सोडून यायचं. बास."

मी शाळेत शिकवते, पोरं मला टरकून असतात. पण अण्णांपुढं माझं काही चालत नाही. पिल्लू माझ्या पायाशी झोपायचं. ते जाणार ह्या विचारानं मला घास गोड लागेना.

त्याला चावायला काहीतरी हवं होतं. ढोकीत कशाचंही उत्तर ऊस. कारखान्याकडं निघालेल्या ट्रॅक्टरमागं पडलेलं कांडं उचललं आणि दिलं त्याला. गडी खूश! थोड्या वेळानं खोकायला लागला, डोळे पांढरे. जनावरांच्या डॉक्टरांनी घशातून उसाच्या दशा ओढून काढल्या आणि मला फैलावर घेतलं.

"बाई, दोरी गिळायला देता का कुणी? शिजवलेलं हाड नको, त्याच्या चिरफळ्या होतात. खूर नको, शिंग नको, दात तुटतो. अंगठ्याचं नख दाबून बघा. रुतलं तर द्या, न्हायतर न्हाय. एका घासात गिळता येणार न्हाय एवढं मोठं द्या आणि चावून होईस्तोवर समोर बसा." मग आवाज उतरवून म्हणाले, "वाळवलेला शेळीचा कान बरा. पण तुमच्या घरात..."

आमच्या घरात! गळ्यात लिंग धारण केलेलं घर आमचं. अंड्याचा केकसुद्धा उंबऱ्याच्या आत येत नाही. म्हणून आधी गाजर दिलं. त्यानं ते चाटलं, तुळशीपाशी पुरलं आणि अण्णांच्या नव्या चपलेकडं बघत बसलं. मग काय करता? कानांचं पार्सल मागवलं, शाळेच्या पत्त्यावर. दुकानामागच्या खोलीत पोह्याच्या पोत्याआड बिस्किटाच्या डब्यात दडवलं. रोज शाळेतून आले की मागच्या लिंबाखाली मी पहाऱ्याला आणि पिल्लू कानाला. चपला वाचल्या. अण्णा सगळ्यांना सांगत सुटले, "वळण लागलं बघा त्याला. घरचं वळण."

मग आला बाजाराचा दिवस. दुकानात गुळासाठी तीन बाया उभ्या, मी पुड्या बांधतेय, आणि अण्णा आतून आले ते हातात कान घेऊन.

"हे काय गं?"

माझ्या तोंडून निघालं, "कंद हाय, अण्णा. डोंगरातला. पिल्लासाठी."

अण्णांनी नख दाबलं. रुतलं. खूश झाले. हुंगलं. "वास उग्र हाय, पण माल चांगला वाळवलाय," म्हणाले, आणि सवयीनं कडेचा तुकडा मोडून तोंडाकडं न्यायला लागले.

अगं आई गं! "अण्णा, टाका ते! शेळीचा कान हाय!" मी एवढ्या जोरात ओरडले की बाजार थांबला. अण्णांचा हात ओठांपासून बोटभर अंतरावर. एक बाई पदर तोंडात कोंबून हसत होती. पिल्लानं खाली पडलेला कान उचलला आणि तिथंच, सगळ्यांच्या देखत, चावायला बसलं. अण्णा छातीवरच्या लिंगावर हात ठेवून आत गेले. अंघोळीच्या पाण्याचा आवाज लई वेळ येत होता. मी पिल्लाला मांडीवर घेतलं आणि रडले. गेलंच ते, असं धरून चालले.

अण्णा पूजा आटोपून बाहेर आले. पिल्लाकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"त्याला काय लागतं ते त्यानं खावं. मी खात न्हाय म्हणून त्याच्या हिरड्या का ठणकाव्यात? राहू दे त्याला." मी डोळे पुसायला लागले तर म्हणाले, "पण एक ध्यानात ठेव. त्यानं माझ्या तीन चपला खाल्ल्या, पण माझ्यासमोर बसून खाल्ल्या. लपवलं न्हाय त्यानं."

माझी मान वर होईना.

पुढचं पार्सल मी दुकानाच्या पत्त्यावर मागवलं. अण्णा दोन हात लांब उभे राहिले. "लाव नख."

लावलं.

"रुतलं?"

"रुतलं."

"हुंग." हुंगलं.

"आता," अण्णा तोंडावरची सुरकुतीही न हलवता म्हणाले, "कणभर जिभेवर ठेव. कंदच हाय न्हवं?"