रेन म्हणजे कमळ

ऊद आणि फिनेल यांचा मिसळलेला वास आला की मला हवल्लीतला तो दवाखाना आठवतो. कुवेतला येऊन मला महिनाच झाला होता आणि इकाम्यासाठी, म्हणजे तिथल्या रहिवासी परवान्यासाठी, वैद्यकीय तपासणी करायची होती. बायकांच्या रांगेत माझ्यापुढे रेन नावाची एक जपानी मुलगी होती. काउंटरवरच्या वयस्कर इजिप्शियन गृहस्थांनी तिचा फॉर्म परत केला. “यावर पुरुष लिहिलंय. कंपनीकडून नवा आणा.” ती रडवेली झाली. “आमच्याकडे मुलगा असो, मुलगी असो, रेन दोघांनाही चालतं. रेन म्हणजे कमळ.” मला राहवेना. मी माझा पासपोर्ट पुढे केला. “माझं नाव कमल. अर्थही तोच, आणि आमच्यातही ते दोघांना चालतं.” खरं तर ऑफिसात ‘मिस्टर कमल’ अशा मेल येऊ लागल्यापासून मी लाजून टोपणनावच सांगत होते. गृहस्थांनी दोघींचे पासपोर्ट शेजारी ठेवून पाहिले आणि हसत फॉर्म दुरुस्त केला. “अरबीत कमाल हे पुरुषाचं नाव, पण अर्थ पूर्णत्व,” ते मला म्हणाले, “बाईला का शोभू नये?” बाहेर बाकावर बसून रेननं कागदावर तिचं अक्षर काढलं, मूळचं चिनी. त्यात वर गवताची खूण आणि खाली ‘जोडलेलं’ या अर्थाची. कमळाच्या बिया एकमेकींना लागून असतात म्हणून, असं तिला आजीनं सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी मी टेबलावर माझ्या खऱ्या नावाची पाटी लावली. आता नवीन कुणी भेटलं, की मी आधी त्याच्या नावाचा अर्थ विचारते आणि मग आनंदानं माझा सांगते.