गुरुवारचा माणूस

यंत्रावर तळवा ठेवून तो बँकेचा माणूस कारखान्याची तब्येत सांगायचा, म्हणून कामगार त्याला नाडीकाका म्हणत. तेव्हा कारखान्यांना पैसा एकाच दारातून मिळे, बँकेच्या. पण बँक कर्ज देऊन मोकळी होत नसे. आपला माणूस पाठवी. नाडीकाका दर गुरुवारी येत, पंपांवर हात ठेवत, मालकांवर डाफरत आणि वाईट वर्षातही पैसे देत. मालक म्हणायचे, "एक वेळ बायकोपासून लपवीन, ह्यांच्यापासून नाही."

मालक गेले. परदेशात शिकून आलेल्या त्यांच्या मुलीने बँकेचं कर्ज फेडलं आणि तिकडच्या रीतीने शेअर विकायला काढले. कारखान्याला आता हजारो मालक झाले. एकाचाही चेहरा कुणी पाहिला नव्हता. प्रवेशदाराशी भिंतीवर एक पडदा लागला. त्यावर शेअरचा भाव हलत राही, झोपलेल्या माणसाच्या छातीसारखा.

नाडीकाका निवृत्त झाले, पण पायांना गुरुवारची सवय होती.

"चहा सांगू, की पैसे देताय?" मुलगी हसून विचारी.

"चहाच सांग. पैसे तुझ्या त्या भुतांकडे माग."

एका गुरुवारी त्यांनी उंबरा ओलांडला आणि पडद्यावरचा आकडा लाल होऊन घसरला. पुढच्या गुरुवारीही तेच. काका गमतीने उलटे रस्त्यावर गेले, काचेतून पाहत राहिले. आकडा हळूहळू चढला. ते पुन्हा आत आले. घसरला. त्यांनी वळून पाहिलं. रस्ता रिकामा होता. समोरच्या सगळ्या खिडक्या बंद होत्या.

मुलीने त्यांना आत नेऊन दार लावलं. आज ती हसली नाही.

"काका, बँकेचा माणूस येतोय म्हणजे आम्ही पुन्हा कर्ज मागतोय, आत काहीतरी बिघडलंय, असं लोकांना वाटतं. नवा विभाग उभारायला अजून शेअर विकायचेत. भाव असाच पडला तर नवा विभाग राहिलाच, आहेत ती माणसंही घरी जातील."

"कोण लोक?"

"माहीत नाही."

"बघतात कुठून?"

"तेही नाही माहीत."

"तुझ्या बापाला मी तोंडावर नाही म्हणायचो. निदान कोण नाही म्हणतंय ते त्याला दिसायचं."

ती टेबलाकडे बघत म्हणाली, "गुरुवारी येऊ नका, काका."

जाता जाता त्यांनी पंपावर हात ठेवला. ठोका खणखणीत होता. पण तो सांगायचा कुणाला?

पुढच्या गुरुवारी ते घरीच होते.

"अहो, फ्रिजवर हात ठेवून काय उभे राहिलात?" बायको म्हणाली. "त्याला कर्ज द्यायचंय का?"

फोन वाजला. काकांनी उचलला. आवाज अनोळखी होता, मऊ, अदबीचा.

"आज गेला नाहीत?"

"कोण बोलतंय?"

"सहज विचारलं. तिथे काही बिघडलंय का?"

त्या आवाजामागे आणखी कुणाचा तरी श्वास ऐकू येत होता. मग आणखी कुणाचा. पुष्कळ जण कान लावून थांबले होते. उत्तर न देता काकांनी फोन ठेवला.

थोड्याच वेळात मुलीचा फोन आला. "काका, भाव कोसळतोय. तुम्ही कुणाला काही बोललात?"

"नाही गं. अवाक्षरही बोललो नाही," ते म्हणाले, आणि म्हणता म्हणता त्यांच्या लक्षात आलं: त्यांचं न बोलणंच त्या लोकांनी ऐकलं होतं.

"चहा निवतोय," बायको आतून म्हणाली. नाडीकाका एकाच पायात चप्पल घालून दारात उभे होते. समोरच्या घरांच्या खिडक्या बंद होत्या.